आमदारांचं पत्र नको, नातीच्या शाळेचं आणा

वाचकाचं पत्र:

«माझा धाकटा मुलगा अकरा वर्षांपूर्वी शिकायला इंग्लंडला गेला. लेस्टरला नोकरी लागली, तिथल्याच मुलीशी लग्न झालं. सून गुजराती घरातली, जन्मापासून तिथलीच नागरिक. नात सहा वर्षांची, तीही तिथलीच नागरिक. ओळखीच्या एकाला मुलाने आपलं बँक खातं वापरायला दिलं, त्यातून फसवणुकीचे पैसे फिरले आणि याला वीस महिन्यांची शिक्षा झाली. आता तुरुंगात होम ऑफिसचं, म्हणजे तिथल्या गृहखात्याचं पत्र आलंय, की तुला डिपोर्ट करणार आहोत. अपील भारतात जाऊन करावं लागेल असंही त्यात आहे म्हणे. मुलगा स्वभावाने गरीब आहे. त्याचे वडील मुख्याध्यापक होते, आता नाहीत. आमदारांचं, नगरसेवकांचं आणि त्याच्या शाळेचं पत्र मी घेऊन ठेवलंय. पुण्याचा एक एजंट म्हणतो, साडेतीन लाख द्या, इथून अपील टाकतो, शंभर टक्के काम होईल. सून म्हणते थांबा. तिचं नि माझं फारसं बोलणं नाही. नातीला ऐकायला कमी येतं, शाळेत तिच्यासाठी वेगळ्या बाई आहेत, त्यामुळे सुनेचा सगळा वेळ तिच्यातच जातो. साक्ष द्यायला मी तिकडे जाऊ का? खरं सांगायचं तर कधी कधी वाटतं, येऊ दे परत, घर मोठं आहे.»
मिरजेहून एक आई

काकू, नमस्कार.

तुमचं पत्र पाच पानी होतं, इथे त्याचा गाभा तेवढा छापलाय. मुलाविषयी तुम्ही पानंच्या पानं लिहिलीत आणि नातीविषयी एक वाक्य, तेही सुनेची तक्रार करता करता निसटलेलं. मुलाची केस उभी राहिलीच तर त्या एका वाक्यावर राहील. कशी, ते सांगते, पण त्याआधी तारीख.

मुलाच्या हातात पडलेल्या पत्रावर उत्तर देण्याची मुदत छापलेली असते, बहुधा कामकाजाचे २० दिवस. ते उत्तर गेलं का, हे सुनेला आजच विचारा. तुम्ही धरून चालला आहात, की आधी निर्णय येईल, मग आपण अपील करू. तिथे तसं होत नाही. डिपोर्टेशनच्या हुकमावर थेट अपील नाहीच. ‘मला बाहेर काढलंत तर माझ्या कुटुंबाचा एकत्र राहण्याचा हक्क मोडतो’ असा मानवी हक्कांचा दावा आधी होम ऑफिसकडे करायचा. तो त्यांनी लेखी फेटाळला, की त्या फेटाळण्यावर अपील. दावाच केला नाही तर फेटाळायला काही नाही आणि अपिलालाही काही नाही. तुरुंगातला माणूस बायकोच्या डोक्याला ताप नको म्हणून अशी पत्रं स्वतःपाशीच ठेवतो, आणि दिवस त्यातच जातात. मुदत टळली असली तरी उशीर का झाला ते सांगून उत्तर द्यावंच. शिक्षा संपायच्या आधीच विमानात बसवण्याची योजनाही ब्रिटनमध्ये आहे, तेव्हा ‘सुटायला अजून अवकाश आहे’ हा हिशेब मनात धरू नका.

आता ‘चांगल्या घरातला मुलगा’ याबद्दल. ब्रिटनच्या २००७ च्या कायद्यानुसार परदेशी नागरिकाला १२ महिने किंवा त्याहून अधिक कैद झाली, की मोजके अपवाद सोडून गृहमंत्र्यांना डिपोर्टेशनचा हुकूम काढावाच लागतो. मुलगा साधा आहे, पहिलाच गुन्हा आहे, ओळखीच्याने गोवलं, हे सगळं शिक्षा ठरवणाऱ्या जज्जपुढे सांगायचं होतं. वकिलाने सांगितलंही असेल. ते सगळं ऐकूनच वीस महिने ठरले. इमिग्रेशनच्या ट्रायब्युनलमध्ये, म्हणजे अशी अपिलं ऐकणाऱ्या न्यायाधिकरणात, तो खटला पुन्हा चालत नाही.

वीस महिन्यांत एक बरी गोष्ट आहे, ते चार वर्षांच्या आत आहेत. चार वर्षं किंवा त्यापुढे शिक्षा झालेल्यांची वाट फारच बिकट असते. त्याच्या आतल्यांसाठी कायद्याने दोन अपवाद ठेवलेत. एक म्हणजे आयुष्याचा बहुतेक काळ ब्रिटनमध्ये कायदेशीरपणे घालवलेला, तिथे रुजलेला आणि मायदेशी बस्तान बसवणं अतिशय अवघड असलेला माणूस. तुमचा मुलगा मिरजेत वाढला, मराठी बोलतो, त्याला घर आहे. हा अपवाद विसरा. दुसरा अपवाद जोडीदाराचा आणि मुलांचा. जोडीदार किंवा मूल तिथलं नागरिक असेल, नातं खरं आणि चालू असेल, आणि याला काढल्याने त्यांच्यावर होणारा परिणाम ‘अनड्यूली हार्श’, म्हणजे अवाजवी कठोर असेल, तर डिपोर्टेशन टळू शकतं.

हे ‘अनड्यूली हार्श’ तुम्हाला आता वकिलाच्या तोंडून सारखं ऐकू येईल. बाप गेला की लेकरू रडणार, संसाराची ओढाताण होणार, हे प्रत्येक केसमध्ये असतं. तेवढ्याने भागत नाही. ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाचे दोन निकाल इथे कामाचे आहेत. २०१८ च्या केओ (नायजेरिया) या केसमध्ये कोर्टाने सांगितलं, की मुलावरचा परिणाम मोजताना बापाचा गुन्हा किती गंभीर होता हे त्या तराजूत टाकायचं नाही. २०२२ च्या एचए (इराक) मध्ये सांगितलं, की मापदंड उंचच राहील, नुसती गैरसोय किंवा दुःख पुरणार नाही. पण समोरच्या मुलाची तुलना कुठल्या तरी काल्पनिक सर्वसाधारण मुलाशी करायची नाही. या मुलाचं, याच घरातलं, नेमकं काय होणार, ते बघायचं. या अपवादापुरतं बोलायचं तर मुलाचा गुन्हा त्याच्या विरुद्ध जात नाही आणि त्याचा गरीब स्वभावही बाजूने येत नाही. जज्ज नातीकडे बघणार आहेत. तुमच्या पाच पानांत मला तीच कमी दिसली.

त्यातही दोन्हीकडून सिद्ध करावं लागतं. पोर आईबरोबर इथे बापाकडे राहायला आली तर ते तिला अवाजवी कठोर ठरेल, आणि बापाशिवाय तिथेच राहिली तरीही ठरेल. एकच बाजू मांडली तर होम ऑफिस दुसरीकडे बोट दाखवून मोकळं होतं. बहुतेक केसेस इथेच पडतात, कारण घरचे लोक मनाने एकाच शक्यतेचा विचार करत असतात.

नात मिरजेला आली तर? मिरजेत दवाखान्यांना काय तोटा, मिशन हॉस्पिटलवाल्या वानलेस डॉक्टरांच्या काळापासून लोक लांबून इथे उपचाराला येतात, असं तुम्ही म्हणाल. होम ऑफिसही हेच म्हणेल, फक्त इंग्रजीत. म्हणून दवाखान्याच्या पलीकडचं बघा. नात बोलते कशी? कानाच्या मशीनवर ऐकून बोलते, की हातांच्या खुणांनी, की दोन्हींनी? खुणांनी बोलत असेल तर तिथली ब्रिटिश साइन लँग्वेज वेगळी आणि आपल्याकडची इंडियन साइन लँग्वेज वेगळी. ब्रिटिश खुणा शिकलेली सहा वर्षांची पोर मिरजेत उतरली, की तिच्याभोवती तिची भाषा जाणणारे फक्त आई-बाप उरतील. तुम्हीही नाही, हे कडू आहे पण निवेदनात खरं तेच यायला हवं. खुणा नसतील, नुसतं ऐकून आणि ओठ वाचून इंग्रजी शिकली असेल, तर मराठी-हिंदीच्या गलक्यात तिचं काय होईल, हे तिच्या ऑडिओलॉजिस्टने, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञाने, लिहून द्यावं.

आणि नात तिथेच राहिली, बाप इथे? ही बाजू सिद्ध करणं जास्त अवघड. होम ऑफिस म्हणेल, बाप तुरुंगात असताना इतके महिने आई सांभाळतेच आहे, पुढेही सांभाळेल. व्हिडिओ कॉल आहेतच. खुणांची भाषा व्हिडिओवर चालते, हेही त्यांना ठाऊक असतं. याला तोंडी उत्तर चालत नाही. बाप तुरुंगात गेल्यापासून पोरीत काय बदल झाला? शाळेत मागे पडली का, बोलणं कमी झालं का, रात्री दचकून उठते का, मशीन लावून घ्यायला नकार देते का? आधी दवाखान्यात कोण न्यायचं, घरी सराव कोण घ्यायचं? सुनेची नोकरी कसली आहे, रात्रपाळी असते का? सुनेचे आई-वडील हाताशी आहेत का? असतील तर तेही सांगावं लागेल, लपवलं आणि उलटतपासणीत निघालं तर बाकीच्यावरही कुणी विश्वास ठेवणार नाही.

यासाठी लागणारे कागद सगळे लेस्टरमध्ये आहेत. त्या ‘वेगळ्या बाई’ बहुधा कर्णबधिर मुलांना शिकवायचं खास प्रशिक्षण घेतलेल्या शिक्षिका असतील. त्यांचं पत्र तुमच्या आमदारांच्या पत्राच्या शंभरपट कामाचं. इंग्लंडमध्ये अशा मुलांसाठी स्थानिक कौन्सिल शिक्षण, आरोग्य आणि देखभालीचा एक कायदेशीर आराखडा करून देतं. तो झाला असेल तर त्याची प्रत. दवाखान्याच्या नोंदी, त्यात अपॉइंटमेंटला कोण हजर होतं ते. तुरुंगातल्या भेटींच्या आणि फोनच्या नोंदी. आणि पैसे कुठे घालायचेच असतील तर इंडिपेंडंट सोशल वर्करच्या अहवालात घाला. तो माणूस घरी येतो, पोरीला भेटतो, शाळेशी बोलतो आणि वर सांगितलेल्या दोन्ही शक्यतांवर लेखी मत देतो. घरच्यांपैकी कुणीही कितीही कळवळून लिहिलं तरी त्याच्या मताचं वजन वेगळं पडतं.

आमदारांच्या पत्राचं वेगळं सांगते, कारण ते मिळवायला तुम्ही खेटे घातले असणार. ते पाठवू नका. त्यात काय लिहिलंय? कुटुंब प्रतिष्ठित, गावात मान, सर्वांशी सलोख्याचे संबंध. होम ऑफिसचा अधिकारी त्यातून एवढंच वाचेल, की याला भारतात घर आहे, माणसं आहेत, थेट आमदारापर्यंत ओळख आहे, परत गेला तर काही अडणार नाही. लेटरहेड जितकं जाड, तितकं त्यांचं काम सोपं.

आता एजंट. ‘इथून अपील टाकतो’ म्हणणाऱ्याला विचारा, कशावर टाकतोस? अजून दावाच फेटाळलेला नाही. ब्रिटनमध्ये नोंदणीशिवाय इमिग्रेशनचा सल्ला देणं हा गुन्हा आहे. सल्लागार एकतर सॉलिसिटर-बॅरिस्टर असावा लागतो किंवा इमिग्रेशन ॲडव्हाइस ॲथॉरिटीकडे नोंदलेला. नावं इंटरनेटवर तपासता येतात, सुनेला पाच मिनिटं लागतील. पुण्यातला एजंट त्या कायद्याच्या हाताला लागत नाही, त्यालाही ते माहीत आहे. उद्या तो म्हणेल, मुलाच्या जिवाला भारतात धोका आहे असं दाखवून असायलम, म्हणजे आश्रय मागू. ऐकू नका. भारत त्यांच्या सुरक्षित देशांच्या यादीत आहे, असा अर्ज बिनबुडाचा म्हणून निघतो आणि मुलगा खोटारडा ठरून खरी केसही बुडते.

पैशांची अडचण असेल तर हे सुनेला सांगा. कौटुंबिक हक्कांच्या डिपोर्टेशन केसला तिथली सरकारी कायदा-मदत आपोआप मिळत नाही, पण ‘एक्सेप्शनल केस फंडिंग’साठी अर्ज करता येतो. शिक्षा संपल्यावरही इमिग्रेशनच्या अधिकारात अडकवून ठेवलं तर जामीन मागता येतो आणि त्यासाठी सरकारी मदत मिळू शकते. लंडनची ‘बेल फॉर इमिग्रेशन डिटेनीज’ ही संस्था अशा कैद्यांसाठीच काम करते.

‘भारतात जाऊन अपील’ ही गोष्ट खरी आहे. ब्रिटनच्या २००२ च्या इमिग्रेशनच्या कायद्यात कलम ९४बी आहे. त्याखाली होम ऑफिसने प्रमाणपत्र लावलं, की आधी डिपोर्ट, मग बाहेरून अपील. ऑगस्ट २०२५ मध्ये ब्रिटनने ही योजना आणखी देशांना लावली, त्यात भारत आला. याआधी २०१७ मध्ये किआरी आणि बाइंडलॉस या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने ही प्रमाणपत्रं बेकायदा ठरवली होती. बाहेर बसलेल्या माणसाला वकिलाशी नीट बोलता येत नसेल, जज्जपुढे साक्ष देता येत नसेल, तर ते अपील नावापुरतंच राहतं, असं म्हणून. त्यानंतर व्हिडिओवरून सुनावणीची सोय करून योजना परत आली. पण प्रमाणपत्र प्रत्येकाला लागतंच असं नाही. मधल्या काळात याला काढल्याने कुटुंबाच्या हक्कांचा भंग होतो किंवा भरून न येणारं गंभीर नुकसान होतं, हे दाखवता आलं तर लावता येत नाही. म्हणून हाही मुद्दा पहिल्याच उत्तरात यायला हवा, बापाशिवायचं एक वर्ष या पोरीच्या भाषेच्या वयात काय करेल, ते पुराव्यासकट. तरी लावलंच, तर त्यावर अपील नसतं, ज्युडिशियल रिव्ह्यू, म्हणजे तो निर्णय कायद्याला धरून आहे का याची कोर्टाकडून तपासणी, मागावा लागतो, तोही विमानाचं तिकीट निघायच्या आत, वकिलाकरवीच.

प्रमाणपत्र लागलं नाही तर दावा फेटाळल्याचं पत्र पाठवल्यापासून १४ दिवसांत फर्स्ट-टियर, म्हणजे पहिल्या पायरीच्या ट्रायब्युनलकडे अपील. प्रमाणपत्र लागून मुलगा इकडे आलाच, तर देश सोडल्यापासून २८ दिवस. विमानतळावर उतरल्यावर आठ दिवस पाहुणे, देवदर्शन, आराम, असं करू नका. तिथे हरलात तर पुढे अपर ट्रायब्युनल आहे, पण जज्जने कायदा लावण्यात चूक केली असेल तरच. तुमचं दुःख त्यांना कमी वाटलं, ही कायद्याची चूक होत नाही.

साक्षीला तुम्ही जायची गरज मला दिसत नाही. इथून व्हिडिओवर तोंडी साक्ष द्यायची तर ज्या देशातून द्यायची त्याची हरकत नाही ना, हे ब्रिटनच्या परराष्ट्र खात्यामार्फत आधी बघावं लागतं. अपर ट्रायब्युनलने २०२१ मध्ये अग्बाबियाकाच्या केसमध्ये हे स्पष्ट केलंय. याला वेळ लागतो. बाहेरून अपील लढायची वेळ आली तर मुलालाही हाच नियम आहे, वकिलाला सुरुवातीलाच आठवण करा. लेखी निवेदनाला मात्र कुणाची परवानगी लागत नाही. तुमचं निवेदन वकील मागेल तर द्या, आणि मागेल तेवढंच. तुमचं वय, आजार, घरात कोण, नातीला तुम्ही किती वेळा भेटलात, तिच्याशी कसं बोलता. खरं तेवढंच लिहा. घर मोठं आहे का, असं कुणी विचारलं तर आहे म्हणा.

राहिलं ते शेवटचं वाक्य, येऊ दे परत. यात लाजण्यासारखं काही नाही. नवरा गेल्यावर मोठ्या घरात एकट्या राहणाऱ्या बाईला दुसरं काय वाटणार? पण हे मुलाशी फोनवर बोलू नका, निदान आत्ता तरी नको. त्याच्यापुढे तिथे एक कागद येऊ शकतो, स्वखुशीने परत जातो म्हणून सही कर, थोडे पैसेही मिळतील. त्या सहीबरोबर अपील सोडल्यासारखंच होतं. कंटाळलेला माणूस, त्यात ‘आई वाट बघतेय’ हे कानात असलेला, चटकन सही करतो. आणि डिपोर्टेशनचा हुकूम आपोआप संपत नाही. तो अर्ज करून रद्द होईपर्यंत मुलाला ब्रिटनमध्ये पाऊल टाकता येणार नाही, पोरीच्या वाढदिवसाला चार दिवससुद्धा नाही. परत यायचं हे त्या दोघांनी मिळून, पोरीचा विचार करून ठरवलं तर तो वेगळा निर्णय, आणि तो त्यांचा आहे.

सुनेला फोन कराल तेव्हा ‘वकील का नाही बघितलास’ने सुरुवात करू नका. ती ‘थांबा’ म्हणाली ते एजंटच्या बाबतीत म्हणाली असेल तर बरोबरच म्हणाली. नवरा तुरुंगात, नोकरी, कमी ऐकू येणारं लेकरू आणि वर होम ऑफिस, एवढं ती एकटी ओढतेय. केसमध्ये सगळ्यात महत्त्वाचं निवेदन तिचंच असणार आहे, आणि ते लिहायला तिला सलग दोन तास शांतपणे बसायला मिळालं पाहिजे. साडेतीन लाख तुमच्याकडे खरंच असतील तर अहवालाचा खर्च किती येईल ते तिला विचारा, आणि वकिलाची फी कुठपर्यंत भरली तेही. पैसे तिच्या खात्यावर किंवा थेट सॉलिसिटरच्या फर्मला बँकेतून पाठवा, पावती ठेवा. खात्याच्याच भानगडीत अडकलेल्या घरात रोखीचा आणि तिसऱ्याच्या खात्याचा व्यवहार तर अजिबात नको.

पत्रावरची तारीख कळली की मला कळवा. निकाल आला तर तोही, कसाही आला तरी.